पाच लीग, एक विजेता: जर्मन फुटबॉलचा १९५३-५४ चा हंगाम – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बुंडेसलिगाचे (१९६३ मध्ये सुरू झालेल्या जर्मनीच्या अव्वल फुटबॉल लीगचे) सामने न चुकता बघणारी मंडळी हमखास विचारतात, की १९६३ च्या आधी जर्मनीत लीग नव्हती का? होती. पाच होत्या, आणि पाचही अव्वल दर्जाच्या. त्या पाच लीगचा कारभार कसा चालायचा हे कळायला एकच हंगाम नीट बघितला तरी पुरतो. मी १९५३-५४ चा निवडलाय. त्या उन्हाळ्यात पश्चिम जर्मनीने बर्नमध्ये विश्वचषक उचलला हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच्या सहा आठवडे आधी काय घडलं होतं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

‘ओबरलिगा’ म्हणजे नेमकं काय?

ओबर म्हणजे वरची. ओबरलिगा म्हणजे सगळ्यात वरची लीग. आजच्या जर्मनीत ओबरलिगा ही पाचव्या पायरीवरची स्पर्धा आहे, त्यामुळे जुन्या नोंदी वाचताना घोटाळा होतो. एखाद्या क्लबने ‘ओबरलिगा जिंकली’ असं १९५४ च्या संदर्भात वाचलं, तर तो क्लब त्या वेळी आपल्या भागात पहिल्या क्रमांकाचा होता असं समजायचं.

पण एका देशात पाच-पाच अव्वल लीग कशासाठी?

याचं मूळ १९४५ च्या नकाशात आहे. युद्ध हरल्यावर जर्मनीचे तुकडे दोस्त राष्ट्रांनी वाटून घेतले. एका भागातून दुसऱ्यात जायला परवाने लागायचे, पूल उडालेले होते, गाड्यांना कोळसा नव्हता. अशा वेळी म्युनिकच्या संघाने हॅम्बुर्गला जाऊन सामना खेळायचा, ही कल्पनाच करता येत नव्हती. म्हणून ज्याने त्याने आपल्या भागापुरती लीग सुरू केली. अमेरिकन भागात ‘दक्षिण’ लीग सुरू झाली, तीही नोव्हेंबर १९४५ मध्येच, म्हणजे शरणागतीनंतर अवघ्या सहा महिन्यांत. फ्रेंच भागात ‘नैर्ऋत्य’ लीग आली. ब्रिटिश भाग मोठा, तिथे १९४७ पासून ‘उत्तर’ आणि ‘पश्चिम’ अशा दोन लीग झाल्या. बर्लिनची स्वतःची पाचवी.

१९५३ पर्यंत परवाने गेले होते, गाड्या वेळेवर धावत होत्या, पश्चिम जर्मनी हा रीतसर देश होऊन चार वर्षं झाली होती. लीग मात्र पाचच राहिल्या. एव्हाना प्रत्येक प्रादेशिक संघटनेला आपापली लीग प्यारी झाली होती. खुर्ची कोण सोडतं?

आपल्याकडे रणजी करंडकात कित्येक वर्षं पश्चिम विभाग, दक्षिण विभाग अशी वाटणी होती आणि विभागात वर आलेले संघ पुढे एकमेकांना भिडायचे. साधारण तसाच हा प्रकार: पाच लीगमध्ये वर आलेले संघ शेवटी राष्ट्रीय विजेतेपदासाठी एकमेकांशी खेळायचे.

या पाचांत सर्वांत दमदार लीग कोणती होती?

खरा प्रश्न हाच, आणि त्या वेळच्या जर्मनांनाही त्याचं उत्तर सापडत नव्हतं. उत्तरेतला संघ दक्षिणेतल्या संघाशी लीगमध्ये कधी खेळायचाच नाही. मग तुलना करायची कशाच्या आधारावर? साधारण समज असा, की दक्षिण आणि पश्चिम या दोन लीग तगड्या. दक्षिणेत न्यूर्नबर्ग, श्टुटगार्ट, आइनट्राख्ट फ्रँकफर्ट, किकर्स ऑफनबाख. पश्चिमेत खाणी-कारखान्यांच्या रुर खोऱ्यातले शाल्के, डोर्टमुंड, रोट-वाइस एसेन आणि शेजारचे कोलोन. दर आठवड्याला कुणी ना कुणी अंगावर यायचंच.

नैर्ऋत्येत मात्र कायझर्सलाउटर्नचा दबदबा इतका, की १८ हंगामांपैकी ११ वेळा विजेते तेच. उत्तरेत हॅम्बुर्गच्या एचएसव्हीची तर मक्तेदारीच होती: १६ हंगामांत १५ विजेतेपदं. उरलेलं एक विजेतेपद आपल्या १९५३-५४ च्या हंगामातलं. त्यावर पुढे येतो.

गुण कसे मोजायचे? जुन्या तक्त्यात ‘४०:२०’ असं काहीतरी दिसतं, ते गोल आहेत का?

नाही, ते गुणच आहेत, आणि इथे नवखा माणूस हटकून फसतो. विजयाला २ गुण, बरोबरीला १. पण जर्मन तक्त्यात मिळवलेले गुण आणि गमावलेले गुण शेजारी शेजारी छापत. १६ संघांच्या लीगमध्ये प्रत्येकाचे ३० सामने, म्हणजे एकूण ६० गुण पणाला. ४०:२० म्हणजे ४० कमावले, २० घालवले. दोन्ही आकडे मिळून ६० झाले नाहीत, तर एकतर छपाईची चूक किंवा कुणाचे तरी गुण कापलेत.

गुण समान झाले तर आजच्यासारखा गोलफरक बघत नसत. केलेल्या गोलांना खाल्लेल्या गोलांनी भागायचं, ज्याचा भागाकार मोठा तो वर. समजा एका संघाने ६० केले आणि ४० खाल्ले, तर भागाकार १.५. दुसऱ्याने ३० च केले पण १५ खाल्ले, तर भागाकार २. फरक बघितला तर पहिला संघ २० ने पुढे आणि दुसरा १५ ने, तरीही वर जाणार दुसरा. बचाव आवळून खेळणाऱ्यांचं फावायचं. आणि बदली खेळाडू नव्हते. कुणी जायबंदी झाला, तर उरलेल्या दहांनी निभवायचं किंवा तोच लंगडत कडेला उभा राहायचा.

खेळाडू व्यावसायिक होते का?

अर्धे. त्यांना ‘करारबद्ध खेळाडू’ म्हणत. क्लबकडून महिना ठरलेली रक्कम मिळायची, पण तिला वरून मर्यादा घातलेली: सुरुवातीला कमाल ३२० मार्क. शिवाय खेळाडूने दुसरा कामधंदा करावा अशी अपेक्षा असायची. सकाळी कारखाना किंवा दुकान, संध्याकाळी सराव. देशाचा कर्णधार फ्रिट्स वाल्टरसुद्धा कायझर्सलाउटर्नमध्ये लाँड्री चालवायचा.

कागदावर ३२० आणि टेबलाखालून किती, हा त्या काळचा सदाबहार विषय. नियम कडक असले की पळवाटाही तयार होतात.

१९५३-५४ मध्ये कोणती लीग कुणी जिंकली?

उत्तरेत हॅनोव्हर ९६, पश्चिमेत कोलोन, दक्षिणेत श्टुटगार्ट, नैर्ऋत्येत कायझर्सलाउटर्न आणि बर्लिनमध्ये बर्लिनर एसव्ही ९२. यांतली चार नावं आजही ओळखीची वाटतील. पाचव्याचं नाव बर्लिनबाहेर आता फारसं कुणाला आठवत नाही.

उत्तरेत एचएसव्हीचं काय बिनसलं?

दोन गोष्टी एकदम झाल्या. खेळ घसरला, आणि करारबद्ध खेळाडूंसंबंधीच्या नियमांचा भंग केला म्हणून ४ गुण कापले गेले. दोन गुणांच्या जमान्यात ४ गुण म्हणजे दोन अख्खे विजय. वर्षानुवर्षं पहिल्या क्रमांकावर बसलेला क्लब त्या वर्षी थेट ११ वा आला. लगेच पुढच्या हंगामात ऊवे झेलर नावाचा पोरसवदा सेंटर-फॉरवर्ड संघात आला आणि एचएसव्हीने गादी परत मिळवली, ती १९६३ पर्यंत सोडली नाही.

मोकळ्या झालेल्या त्या एका वर्षात हॅनोव्हर ९६ पुढे आला, दुसरा सांक्ट पाउली. म्हणून काही जण हॅनोव्हरच्या यशाला ‘लॉटरी’ म्हणतात. मला ते पटत नाही. ३० सामन्यांत पहिलं येणं लॉटरीत लागत नाही, आणि पुढे मे महिन्यात त्यांनी जे केलं त्याला तर एचएसव्हीचे कापलेले गुण मुळीच कारण नव्हते.

हॅनोव्हरच्या संघात कोण मोठं नाव होतं?

कुणीच नाही. मोठं नाव म्हणावं असा माणूस रेषेबाहेर होता: प्रशिक्षक हेल्मुट क्रोन्सबाइन, सगळे त्याला ‘फिफी’ म्हणायचे. तो १९५२ मध्ये आला. क्लबकडे याआधीचं एकच राष्ट्रीय विजेतेपद होतं, १९३८ चं, तेव्हा त्यांनी शाल्केला पुन्हा खेळवलेल्या अंतिम सामन्यात ४-३ असं हरवलं होतं. ते शाल्के त्या काळातलं सर्वांत बलाढ्य. दिग्गजांना अंतिम सामन्यात पाडायची खोड जुनीच म्हणायची.

नैर्ऋत्य लीगमध्ये सारब्र्युकेन कसं? ते तर जर्मनीत नव्हतं ना?

बरोबर, नव्हतं. सारब्र्युकेन ज्यात येतं तो सारलँड हा कोळशाचा पट्टा युद्धानंतर फ्रान्सने आपल्या पंखाखाली घेतला होता आणि १९५७ साल उजाडल्यावरच तो पश्चिम जर्मनीत आला. मधल्या काळात तिथल्या फुटबॉलची जी त्रेधा उडाली, तिला तोड नाही.

एफसी सारब्र्युकेन १९४८-४९ मध्ये फ्रान्सच्या दुसऱ्या श्रेणीत पाहुणा संघ म्हणून खेळला आणि सगळ्यांच्या वर राहिला. पण फ्रेंच क्लबांनी त्यांना कायमचं आत घ्यायला नकार दिला. मग १९५१ मध्ये ते जर्मन नैर्ऋत्य लीगमध्ये परतले आणि पुढच्याच वर्षी जर्मनीच्या अंतिम सामन्यात पोचले. तिथे श्टुटगार्टने त्यांना ३-२ असं हरवलं.

आता गंमत बघा. फुटबॉलमध्ये सारलँड फिफाचा स्वतंत्र सदस्य होता. त्यामुळे १९५४ च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीत सारलँड, पश्चिम जर्मनी आणि नॉर्वे एकाच गटात आले. सारब्र्युकेनचे खेळाडू रविवारी जर्मन लीगमध्ये कायझर्सलाउटर्नशी खेळायचे आणि मग देशाचा शर्ट घालून जर्मनीविरुद्ध उतरायचे, समोर पुन्हा तेच कायझर्सलाउटर्नवाले! सारलँडने ऑस्लोत नॉर्वेला ३-२ असं हरवून धमाल केली. जर्मनीकडून मात्र दोन्ही सामने हरले, श्टुटगार्टमध्ये ०-३ आणि घरच्या मैदानावर १-३. त्यांचा प्रशिक्षक होता हेल्मुट श्योन. वीस वर्षांनी, १९७४ मध्ये, याच श्योनने पश्चिम जर्मनीला विश्वचषक जिंकून दिला.

बर्लिनची लीग बाकीच्यांच्या तोडीची होती का?

नव्हती, आणि दोष बर्लिनकरांचा नव्हता. शहराभोवती पूर्व जर्मनी, लीग एका शहरापुरती, क्लबांना बाहेरून खेळाडू आणणं अवघड. त्यातून १९५० मध्ये पूर्वेकडचे क्लब बाहेर पडले. त्याच वर्षी पूर्व बर्लिनच्या युनिऑन ओबरश्योनेवाइडेला राष्ट्रीय फेरीचा सामना खेळायला कीलला जायचं होतं, तर पूर्वेच्या अधिकाऱ्यांनी परवानगी नाकारली. बरेच खेळाडू तरीही निसटले, एचएसव्हीविरुद्ध खेळले, हरले, आणि परतायचं सोडून पश्चिम बर्लिनमध्येच नवा क्लब काढून बसले.

पूर्व जर्मनीतही ओबरलिगा होती म्हणतात?

होती, आणि ती एकच, संपूर्ण पूर्व जर्मनीसाठी. पश्चिमेच्या पाच लीगशी तिचा काही संबंध नव्हता, फक्त नाव सारखं. त्या हंगामात तिथे टुर्बिने एर्फुर्ट जिंकले. या लेखात तिचा विचार केलेला नाही.

पाच विजेत्यांतून एक राष्ट्रीय विजेता कसा निवडला?

एरवी आठ संघ, चार-चारचे दोन गट, घरी आणि परगावी असे सामने, मग अंतिम लढत. १९५४ मध्ये जूनमध्ये विश्वचषक असल्याने वेळच नव्हता. म्हणून सहाच संघ घेतले: पाच विजेते आणि दक्षिणेतला दुसरा, आइनट्राख्ट फ्रँकफर्ट. तीन-तीनचे दोन गट, प्रत्येकाशी एकदाच गाठ.

एका गटात कायझर्सलाउटर्नने कोलोनला ४-३ आणि फ्रँकफर्टला १-० असं हरवलं. दोन्ही वेळा एका गोलाने, म्हणजे गाडी खडखडत होती. दुसऱ्या गटात हॅनोव्हरने बर्लिनर एसव्हीला २-१ आणि श्टुटगार्टला ३-१ असं नमवलं. हे श्टुटगार्ट म्हणजे दक्षिणेचे विजेते तर होतेच, शिवाय एप्रिलमध्ये जादा वेळेत कोलोनला १-० असं हरवून जर्मन कपही घेऊन आलेले. उत्तरेची लीग कच्ची, दक्षिणेची पक्की, या समजाला पहिला तडा इथे गेला.

अंतिम सामन्यात काय झालं?

२३ मे १९५४, हॅम्बुर्गचं फोल्क्सपार्क स्टेडियम. मैदानाला अजून वर्षही झालं नव्हतं; बॉम्बहल्ल्यांत पडलेल्या इमारतींचा मलबा रचून त्यावर प्रेक्षकांचे कट्टे उभे केले होते. ७० हजारांहून जास्त लोक त्या ढिगाऱ्यावर उभे राहून बघत होते.

एका बाजूला कायझर्सलाउटर्न: गतविजेते, सात वर्षांतला चौथा अंतिम सामना, आणि संघात राष्ट्रीय संघाचा कणा. फ्रिट्स वाल्टर, त्याचा धाकटा भाऊ ओटमार, लीब्रिश, एकेल, कोलमायर. दुसऱ्या बाजूला हॅनोव्हर. पैज लावणाऱ्याने डोळे झाकून कुणावर लावली असती हे सांगायला नको.

सुरुवातही तशीच झाली. एकेलच्या गोलने कायझर्सलाउटर्न पुढे गेले. मध्यंतराच्या तोंडावर टकॉट्सने बरोबरी साधली. मध्यंतरानंतर दोन-तीन मिनिटांत चेंडू कोलमायरच्या पायाला लागून स्वतःच्याच जाळ्यात. तिथून चॅम्पियन संघ काही सावरला नाही. शेवटच्या पंधरा मिनिटांत वेवेट्सर, क्रूल आणि पेट्स यांनी एकामागून एक तीन गोल चढवले. ५-१.

एखादा गोल इकडे-तिकडे होऊन निसटता विजय मिळाला असता, तर ‘नशीब’ म्हणून सोडून देता आलं असतं. पाच गोलांना नशीब म्हणत नाहीत.

मग विश्वचषकाच्या संघात हॅनोव्हरचे किती जण होते?

शून्य.

पुन्हा वाचा हवं तर. देशाचा विजेता क्लब, आणि त्यातला एकही खेळाडू २२ जणांत नाही. हा माझा या हंगामातला सगळ्यात आवडता तपशील. प्रशिक्षक झेप हेर्बेर्गरच्या त्या २२ जणांची लीगवार मोजणी केली की चित्र आणखी मजेशीर होतं. दक्षिणेतून ८, पश्चिमेतून ६, नैर्ऋत्येतून ६ (पाच कायझर्सलाउटर्नचे आणि पिर्मासेन्सचा गोलरक्षक कुब्श), बर्लिनमधून कुणी नाही. आणि उत्तरेतून फक्त २: पोसिपाल आणि लाबांट. हे दोघं कोणत्या क्लबचे? एचएसव्हीचे. उत्तरेत ११ व्या आलेल्या!

म्हणजे उत्तरेच्या विजेत्यांकडून एकही नाही आणि ११ व्या क्रमांकाच्या क्लबकडून दोन. हेर्बेर्गरला तक्त्याशी देणंघेणं नव्हतं. तो वर्षानुवर्षं माणसं हेरून ठेवायचा. पाच वेगवेगळ्या लीग असल्यावर दुसरा उपाय तरी काय? कुणाचा गोल किती वजनाचा हे तक्ता सांगूच शकत नव्हता.

५-१ च्या पराभवानंतरही हेर्बेर्गरने कायझर्सलाउटर्नचे पाचही खेळाडू ठेवले?

ठेवले, आणि त्यावरून त्याच्यावर बरीच टीका झाली. ज्यांना हॅनोव्हरने लोळवलं ते पुश्काशच्या हंगेरीसमोर काय करणार, असा साधा हिशेब होता. विश्वचषकाच्या गटात बाझेलमध्ये हंगेरीने जर्मनीला ८-३ असं धुतलं तेव्हा टीकाकारांना आणखीच जोर चढला. त्या दिवशी हेर्बेर्गरने बरेच नेहमीचे खेळाडू मुद्दाम बाहेर बसवले होते, हे रागाच्या भरात कोण बघतो. पुढे तुर्कस्तानवर ७-२, युगोस्लाव्हियावर २-०, ऑस्ट्रियावर ६-१ आणि ४ जुलैला बर्नच्या पावसात हंगेरीवर ३-२. आठ मिनिटांत ०-२ असे मागे पडलेले, मग मोर्लोकचा एक आणि रानचे दोन.

त्या अंतिम अकरांत पाच जण कायझर्सलाउटर्नचे होते. मे महिन्यात हॅम्बुर्गला मान खाली घालून मैदान सोडलेले हेच पाच, आणि त्यांतला एक स्वतःच्या जाळ्यात गोल घालून बसलेला कोलमायर.

हॅनोव्हरला राष्ट्रीय विजेता म्हणून युरोपात खेळायला मिळालं का?

एक वर्ष आधी जिंकले, एवढंच त्यांचं चुकलं. युरोपियन कप १९५५ मध्ये सुरू झाला. पहिल्या स्पर्धेत पश्चिम जर्मनीकडून १९५५ चे विजेते रोट-वाइस एसेन गेले. आणि सारलँडकडून, अर्थातच, सारब्र्युकेन! त्यांनी मिलानमध्ये जाऊन एसी मिलानला ४-३ असं हरवलं, आणि परतीच्या सामन्यात घरी ४-१ ने हरले.

हॅनोव्हरच्या वाट्याला त्या सप्टेंबरमध्ये नवं नीडरझाक्सन स्टेडियम आलं. तेही ढिगाऱ्यावरच बांधलेलं. ऑक्टोबरमध्ये विश्वविजेता जर्मनी तिथे फ्रान्सकडून ३-१ असा हरला; त्याच सामन्यात १७ वर्षांच्या झेलरने देशाकडून पहिल्यांदा पाऊल टाकलं.

१९६३ मध्ये बुंडेसलिगा सुरू झाली तेव्हा १९५४ च्या विजेत्यांना जागा मिळाली का?

कायझर्सलाउटर्न, कोलोन आणि श्टुटगार्ट यांना मिळाली. सारब्र्युकेनलाही मिळाली, त्यावरून तेव्हा बरीच बोंबाबोंब झाली. पाच लीगमधून १६ क्लब निवडायचे होते आणि उत्तरेच्या वाट्याला तीनच जागा: एचएसव्ही, वेर्डर ब्रेमेन आणि आइनट्राख्ट ब्राउनश्वाइग.

हॅनोव्हर ९६ बाहेर राहिले. १९५५ चे विजेते रोट-वाइस एसेनही, आणि हो, बायर्न म्युनिकसुद्धा. हॅनोव्हरने मग क्रोन्सबाइनला परत बोलावलं आणि पुढच्याच वर्षी, १९६४ मध्ये, पात्रता फेरी खेळून बुंडेसलिगात जागा मिळवली.